वाचकांचे प्रश्न : जावऱ्याचे काटजू

प्रश्न : माझे आजोबा इंदूरच्या न्यायालयात वकिली करीत. कैलासनाथ काटजूंचा विषय निघाला की ते म्हणत, “दिल्ली सर केली, पण जावरा हातचा गेला.” याचा अर्थ काय?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आजोबांचा रोख 1962 च्या विधानसभा निवडणुकीकडे होता. त्या वेळी मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्रिपदावर असलेले काटजू आपल्याच जन्मगावी, जावरा मतदारसंघात, जनसंघाच्या लक्ष्मीनारायण पांडेय यांच्याकडून पराभूत झाले.

जन्मगाव खरे, पण आयुष्य गेले बाहेर. 1887 मध्ये जावरा संस्थानात जन्मलेले काटजू लाहोर व अलाहाबाद येथे शिकले, कानपुरात वकिलीला आरंभ करून 1914 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात आले आणि तेथील नामांकित वकिलांत गणले जाऊ लागले; 1945 मध्ये लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर जो खटला चालला, त्यातही ते बचाव पक्षाकडून उभे होते. पुढे ते दोन प्रांतांचे राज्यपाल झाले, 1952 मध्ये मंदसौरमधून लोकसभेत निवडून आले आणि केंद्रात गृह व संरक्षण ही खाती त्यांनी सांभाळली.

गंमत अशी की, डिसेंबर 1953 मध्ये राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला, तेव्हा गृहमंत्री काटजूच होते. त्याच आयोगाच्या अहवालातून 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवा मध्य प्रदेश आकाराला आला. पहिले मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल (तेही वकीलच) दोन महिन्यांत निवर्तले आणि 31 जानेवारी 1957 रोजी त्या खुर्चीवर काटजूंना बसावे लागले. महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ यांची ती मोट होती. आयोगाने सुचवलेली राजधानी जबलपूर, प्रत्यक्षात झाली भोपाळ. उच्च न्यायालय जबलपूरला गेले आणि मध्य भारताची उन्हाळी राजधानी असलेल्या इंदूरच्या वाट्याला खंडपीठ आले. आजोबांच्या पिढीची नाराजी येथलीच असावी. कोणत्याही प्रदेशाच्या गटात नसणे ही अशा राज्यात काटजूंची सोय होती; मते मागताना मात्र, माझ्या मते, तीच त्यांची अडचण ठरली.

त्यांच्यानंतर मुख्यमंत्री झालेले भगवंतराव मंडलोई हेही वकीलच, पण राज्यातल्याच खंडव्यात मुळे असलेले.