अमेरिकेच्या यादवी युद्धातील नाकेबंदी फसवी होती का?

आपला प्रश्न असा आहे की, उत्तरेच्या, म्हणजे लिंकन यांच्या संघराज्य सरकारच्या, आरमाराने फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांच्या बंदरांना घातलेल्या वेढ्यातून बहुतेक जहाजे निसटत होती, तर त्या नाकेबंदीला परिणामकारक कसे म्हणायचे. निसटण्याबद्दलची आपली माहिती बरोबर आहे. सर्वसाधारण अंदाजानुसार १८६१ मध्ये दहापैकी नऊ प्रयत्न यशस्वी होत होते आणि १८६५ मध्येही जवळपास निम्मे होत होते. तरीही, माझ्या मते, नाकेबंदीचे मोजमाप निसटलेल्या जहाजांवरून करणे ही मूळ चूक आहे. जी जहाजे भीतीपोटी किंवा विम्याचा खर्च परवडेना म्हणून आलीच नाहीत, त्यांची नोंद कोणत्याच यादीत सापडत नाही.

लिंकन यांनी १९ एप्रिल १८६१ रोजी नाकेबंदी जाहीर केली, तेव्हा सुमारे साडेतीन हजार मैलांचा किनारा अडवायचा होता आणि प्रत्यक्ष सेवेत असलेली जहाजे पन्नासही नव्हती. त्यात कायद्याची एक अडचण होती, जी केवळ यादवी युद्धातच उद्भवते. स्वतःच्या देशातील बंदर सरकार ‘बंद’ करू शकते, पण ‘नाकेबंदी’ ही युद्धमान शत्रूच्या बंदराची असते. म्हणजे ज्यांना बंडखोर म्हणायचे, त्यांनाच युद्धमान पक्षाचा दर्जा आपल्या हाताने द्यायचा. ब्रिटनने मे १८६१ मध्ये तटस्थता जाहीर करून दक्षिणेला नेमका तोच दर्जा दिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६३ मध्ये ही नाकेबंदी वैध ठरवली, तीही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने.

आता आकड्यांकडे वळू. युद्धापूर्वीच्या तीन वर्षांत दक्षिणेतून सुमारे एक कोटी गाठी कापूस समुद्रमार्गे बाहेर गेला होता. युद्धाच्या शेवटच्या तीन वर्षांत जेमतेम पाच लाख गाठी गेल्या. हे सारे श्रेय नाकेबंदीचे नाही, कारण १८६१ मध्ये दक्षिणेनेच कापूस अडवून धरला होता. कापसाविना ब्रिटन आपल्या बाजूने उतरेल, ही त्यांची समजूत होती. पण आदल्या हंगामातील भरघोस पिकामुळे इंग्लंडमधील कापडगिरण्यांच्या लँकेशायर परगण्याची गोदामे भरलेली होती, आणि ती रिकामी होईपर्यंत उत्तरेचे आरमार बळकट झाले होते.

निसटणारी जहाजे कशी होती, हेही पाहिले पाहिजे. नासाऊ किंवा बर्म्युडा या जवळच्या ब्रिटिश बेटांवरील बंदरांतून अंधाऱ्या रात्री निघणाऱ्या या आगबोटी वेगवान, पाण्यापासून कमी उंचीच्या, राखाडी रंगाच्या असत आणि धूर दिसू नये म्हणून अँथ्रासाइट कोळसा जाळत. वेगासाठी त्यांनी माल वाहण्याची क्षमता गमावली होती. त्यांनी लाखो रायफली आणल्या, दारूगोळ्यासाठी सोरा आणला, आणि १८६४ मध्ये दक्षिणेचे सेनानी जनरल ली यांच्या सैन्याला नॉर्थ कॅरोलिनातील विल्मिंग्टन बंदरामार्गे मांसही पोचवले, हे मी नाकारत नाही. पण रेल्वेचे रूळ आणि इंजिने यांसारखा अवजड माल त्यांतून पुरेसा येणे शक्य नव्हते. बंदराबंदरांतील किनारी वाहतूकही थांबल्यामुळे तो सारा भार आधीच दुबळ्या रेल्वेवर पडला, आणि दुय्यम मार्गांचे रूळ उखडून मुख्य मार्गांवर बसवण्याची पाळी आली. धान्य पिकत होते, पण ते वेळेवर हलवता येत नव्हते. नाकेबंदीचा सर्वांत खोल घाव मला इथे दिसतो. शिवाय नफ्याच्या ओढीने मालक रेशीम आणि मद्य भरून आणत, म्हणून फेब्रुवारी १८६४ मध्ये दक्षिणेच्या सरकारला चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर बंदी घालावी लागली.

मी मूळचा हिंगणघाटचा असल्यामुळे या युद्धाकडे कापसाच्या बाजूनेच वळलो. अमेरिकेचा माल थांबताच लँकेशायरची नजर मुंबईकडे वळली आणि भाव कडाडले. नागपूरपर्यंत आगगाडी पोचली ती १८६७ मध्ये, म्हणजे तेजीच्या त्या वर्षांत आमच्याकडचा कापूस रेल्वे गाठेपर्यंत बैलगाडीनेच जात होता. मुंबईत तो पैसा बँका आणि बॅक बे या खाडीत भर घालून जमीन काढणाऱ्या कंपन्यांत ओतला गेला. १८६४ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली.

जानेवारी १८६५ मध्ये विल्मिंग्टनचे रक्षण करणारा फोर्ट फिशर हा किल्ला पडला आणि विल्मिंग्टनचे मोठे दार बंद झाले. एप्रिलमध्ये ली शरण गेले. अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार, एवढ्या बातमीने मुंबईचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ रोजी, मुदतीच्या सौद्यांचे पैसे चुकते करण्याच्या दिवशी, शहरातील बडी नावे बुडाली; तेजीचे मोठे सट्टेबाज प्रेमचंद रायचंद हेही या मंदीत सापडले. १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ होती.