मालकाची जमीन आणि शहराचा वाटा

प्रश्न : मी परळच्या चाळीत वाढलो. वडील जवळच्याच गिरणीत कामाला होते. जिथे गिरणीची पत्र्याची छपरे दिसत, तिथे आज काचेचा मनोरा उभा आहे आणि आमच्या नातवंडांना खेळायला गल्लीखेरीज जागा उरलेली नाही. हे मी बोलून दाखवले, तर मुलगा म्हणतो, ‘जमीन मालकाची, त्याने ती हवी तशी वापरली, यात अन्याय कसला?’ मला उत्तर सुचले नाही. जागेच्या वापरात न्याय-अन्याय खरोखर असतो, की ही केवळ आमची हळहळ आहे?
– एक वाचक, परळ

उत्तर : आपल्या चिरंजीवांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर जुन्या आठवणींच्या आधारे देता येणार नाही. अभ्यासक याला ‘अवकाशीय न्याय’ म्हणतात. शब्द असा की ऐकणाऱ्याला आधी अंतराळयानच आठवावे. प्रश्न मात्र अगदी जमिनीवरचा आहे : एखाद्या जागेचा लाभ कोणाला मिळतो, तिची झळ कोणाला पोहोचते आणि हे ठरवताना कोणाला विचारले जाते?

मालकी मान्य करूनच पुढे जाऊ. गिरण्यांच्या जमिनी औद्योगिक विभागात मोडत होत्या, म्हणजे मालकाला तेथे कारखाना चालवण्याचा हक्क होता, निवासी मनोरा किंवा मॉल बांधण्याचा नव्हता. तो हक्क शासनाने नियम बदलून दिला आणि त्या एका परवानगीने जमिनीचे मोल अनेक पटींनी वाढले. ही वाढ मालकाच्या घामातून आलेली नव्हती. लोकलची स्थानके, पालिकेचे रस्ते आणि पाणी, आसपास वसलेली वस्ती या सगळ्यांनी मिळून ती घडवली होती. म्हणूनच 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने अट घातली, की पुनर्विकास करायचा तर जमिनीचा साधारण एकतृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी पालिकेकडे, तेवढाच घरांसाठी म्हाडाकडे जावा आणि उरलेला मालकाने विकसित करावा.

खरी मेख 2001 च्या दुरुस्तीत आहे. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता केवळ ‘मोकळ्या’ जमिनीची व्हावी, असे तीत ठरले. गिरणी म्हणजे आवारभर पसरलेल्या बसक्या शेड. त्या जमीनदोस्त केल्या तरी त्यांच्याखालची जागा मोकळी धरायची नाही म्हटल्यावर वाटायला उरणार ते किती? उच्च न्यायालयाने 2005 मध्ये याविरुद्ध निर्णय दिला, परंतु 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती उचलून धरली. तेव्हा जे झाले ते कायदेशीर आहे; ते न्याय्य झाले असे मात्र मी म्हणणार नाही. ज्यांच्या वडिलांनी परळ-लालबागमध्ये आयुष्य काढले, त्यांतील काहींना गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत घर मिळाले तेही थेट पनवेलजवळच्या कोन गावी. घर मिळाले खरे, पण ती वस्ती, ती कामे आणि त्या ओळखी परळलाच राहिल्या.

आता आपल्या हाती काय आहे, ते सांगतो. आपल्या प्रभागाचा विकास आराखडा, म्हणजे कोणती जागा कशासाठी वापरायची हे ठरवणारा पालिकेचा नकाशा, पाहावा आणि मैदान किंवा उद्यान म्हणून कोणत्या भूखंडावर आरक्षण आहे, ते टिपून ठेवावे. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 127 नुसार मालक सूचना देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीतही प्रशासन हलले नाही, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. मैदाने पुष्कळदा अशी गुपचूप जातात. आराखड्यात फेरबदल करायचा असेल, तर कलम 37 खाली हरकती व सूचना मागवाव्या लागतात. ती जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टायपात येते आणि मुदत महिनाभराची असते. हरकतींना कोण विचारतो, असे वाटू देऊ नका : मुंबईच्या आराखड्याचा 2015 चा मसुदा नागरिकांच्या आक्षेपांनंतरच मागे घ्यावा लागला होता.

प्रश्न : आमच्या शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसाचे पाणी मुंबईला जाते आणि आमच्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकर येतो. हाही जागेचाच अन्याय नव्हे काय?
– एक शिक्षिका, शहापूर

उत्तर : होय, आणि तो परळच्या अन्यायाहून जुना आहे, कारण तानसा धरण 1892 मधले. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मे एकट्या भातसातून येते. धरण खोऱ्यात, पाडे चढावर. तानसाची जलवाहिनी उताराने शहराकडे धावते आणि पाड्यांपर्यंत पाणी चढवायला पंप, वीज आणि टाकी लागते. हा खर्च धरणाच्या हिशेबात धरला जात नाही, तो वेगळ्या योजनेवर ढकलला जातो आणि ती योजना रखडते. आम्हा मुंबईकरांच्या नळाच्या बिलात हा हिशेब दिसत नाही, हेही कबूल करायला हवे. वाडा तालुक्यात गारगाई धरण प्रस्तावित आहे; त्याच्या मंजुरीच्या कागदातच बुडणाऱ्या गावांचे पुनर्वसन आणि भोवतालच्या पाड्यांची नळयोजना मुंबईच्या जलवाहिनीसोबत, त्याच निधीतून आणि त्याच मुदतीत मांडली जावी, अशी मागणी आपल्या ग्रामसभेने ठराव करून आत्ताच नोंदवावी.