घरच्या वर्कशॉपसाठी स्वस्तातलं वेल्डिंग हेल्मेट घेताना काय बघावं?

तुमचा प्रश्न असा आहे की छोटी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतली आहे, सुट्टीच्या दिवशी स्टँड, टेबल, फाटक अशी कामं करायची आहेत, तर आपोआप काळं होणारं हेल्मेट घ्यायलाच हवं का, की हातात धरायच्या काळ्या काचेवर भागेल.

ऑटो-डार्कनिंगच घ्या. मात्र त्यातलं साधं घ्या. भल्यामोठ्या काचेचं आणि कवटीचं चित्र असलेलं दुसऱ्याला घेऊ द्या.

मी सुरुवात हातशील्डने केली. एका हातात रॉड पकडणारा होल्डर, दुसऱ्या हातात शील्ड, मग पट्टी धरायची कशाने? यावर मी काढलेली युक्ती म्हणजे शील्ड बाजूला ठेवायचं, पट्टी धरायची आणि डोळे मिटून टाका, म्हणजे तुकडे जागेवर धरणारा छोटासा जोड, मारायचा. डोळे दर वेळी वेळेवर मिटतातच असं नाही. काम संपलं, जेवलो, झोपलो, काही त्रास नाही. मध्यरात्री डोळ्यांत कुणीतरी मूठभर वाळू टाकल्यासारखा जागा झालो. आर्क लागणं म्हणतात ते हेच. अतिनील किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो आणि दुखणं काही तासांनी सुरू होतं. बहुतेकदा एक-दोन दिवसांत उतरतं, पण डॉक्टरांना दाखवावं. घरच्या कामात लांब जोड कमी आणि टाके जास्त, म्हणून दोन्ही हात मोकळे ठेवणारं हेल्मेट इथे चैन नाही.

आता स्वस्त हेल्मेटबद्दलची मोठी भीती. काच काळी व्हायला उशीर झाला तर किरण डोळ्यांत जातील, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर कायमचा बसवलेला असतो. काच उजळ असो की काळी, बॅटरी मेलेली असो, तो आपलं काम करतोच. लिक्विड क्रिस्टलचा भाग फक्त दिसणारा उजेड कमी करतो. त्यामुळे खोक्यावर १/२५,००० सेकंद लिहिलंय की १/१०,०००, यावर डोकं शिजवू नका. दिवसभर हजारो टाके मारणाऱ्याचे डोळे त्या फरकाने थकतील, तुमचे नाही. अट एकच, फिल्टर, म्हणजे ही काळी होणारी काच, खरा हवा. खोक्यावरच्या स्टिकरवर जाऊ नका. फिल्टरवरच ईएन ३७९ (युरोपीय मानक) किंवा झेड ८७.१ (अमेरिकन मानक) यांसारखी खूण आणि बनवणाऱ्याचं चिन्ह शोधा. नसेल तर फुकट मिळालं तरी नको.

ईएन ३७९ बरोबर १/१/१/२ असे चार आकडे दिसतील. १ सगळ्यात चांगला, ३ सगळ्यात वाईट. पहिला काचेतून आकार वाकडे दिसतात का ते सांगतो, दुसरा धूसरपणा, तिसरा काच सगळीकडे सारखी काळी होते का, आणि चौथा तिरकं पाहिल्यावर काळेपणा किती बदलतो. घरच्या कामाला १/१/१/२ भरपूर. एखादा २ आणखी आला तरी चालेल, ३ असेल तर मी टाळीन.

शेड, म्हणजे काचेच्या काळेपणाचा नंबर, ९ ते १३ पर्यंत बदलता यायला हवी. अडीच किंवा सव्वातीन मिलिमीटरच्या रॉडला साधारण ६० ते १३० अँपियर लागतात, तिथे १० नंबर बरोबर बसतो. मिगला, म्हणजे रॉडऐवजी सलग तार सोडणाऱ्या वेल्डिंगला, ११ पासून सुरुवात करा. आधी जास्त काळं ठेवायचं आणि वितळलेलं लोखंड नीट दिसेपर्यंत एकेक पायरी उजळ करत यायचं. रॉडच्या या कामाला ८ च्या खाली आणि मिगला १० च्या खाली मात्र उतरायचं नाही.

आर्कचा उजेड ओळखणारे सेन्सर दोन असले तरी पुरतात, पण टेबलाखाली वाकून जोड मारताना एखादा पाइप दोन्हींच्या आड आला की काच मध्येच उघडते आणि डोळ्यांवर लख्ख उजेड येतो. चार सेन्सरवाल्यासाठी थोडे जास्त मोजावे लागले तर ते वाया जात नाहीत. कमी अँपियरवर टिग (टंगस्टनच्या टोकाने करायचं वेल्डिंग) करायचं असेल तर चारच घ्या.

बॅटरी बदलता येते का, हे घेण्याआधी विचारा. माझ्या पहिल्या हेल्मेटमध्ये ती आत डाग देऊन बसवलेली होती. पुढे सौर पट्टी दिसते म्हणून मी निर्धास्त होतो. बॅटरी संपली आणि सगळं हेल्मेटच टाकावं लागलं. बाहेरची पारदर्शक काचही सुटी मिळते ना, ते बघा. ठिणग्यांनी ती लवकर खरवडते. घेतानाच चार-पाच जास्तीच्या घेऊन ठेवा.

दुकानात डोक्यावर चढवून मान झटकून बघा. पट्टा घसरतो का, खाली आल्यावर हनुवटी छातीवर आदळते का? पट्टा रडका असेल तर चांगल्या फिल्टरचाही अर्ध्या तासात कंटाळा येतो. टीव्हीचा रिमोट सेन्सरसमोर धरून दाबला की बहुतेक फिल्टर लुकलुकतात. त्यातून सेन्सर जिवंत आहे एवढंच कळतं, किरण अडतात की नाही ते नाही.

आणि एक. जोड वाकडा जातोय, काही दिसतच नाही, म्हणून हेल्मेट बदलणारे बरेच जण खरं तर चाळिशीला आलेले असतात. फिल्टरच्या आत बसणारं भिंग मिळतं, ते लावा, आणि कामावर एक झगझगीत दिवा सोडा. मी हे दोन्ही केलं आणि नवीन हेल्मेटचा विचार सोडून दिला.

हेल्मेट वर केलं की जोडावरची खपली फोडताना किंवा ग्राइंडर चालवताना डोळे उघडेच असतात, म्हणून आत साधा सेफ्टी चष्मा कायम असू द्या. जुनं हातशील्ड टाकू नका. अँगल धरायला घरातलं कुणीतरी शेजारी उभं राहतंच, ते त्याच्या हातात द्या.