विचारा, सांगतो : घरची गिटार केबल

प्रश्न : गिटारची केबल घरीच जोडली, पण आवाज दबका येतो आणि घरघरही होते. काय करू? (एक वाचक, सिडको, नाशिक)

उत्तर : स्पीकरची साधी वायर तर घेतली नाहीत ना? घरघर तिचीच असते; गिटारला जाळीवालीच लागते, म्हणजे मधल्या तारेभोवती धातूची जाळी असलेली. मधली तार जॅकच्या टोकाला, जाळी दांड्याला. दबक्या आवाजाबद्दल मात्र माझा संशय वेगळा आहे. काही केबलींत जाळीखाली काळं, मऊ प्लास्टिक असतं. दिसायला निरुपद्रवी, पण त्यातून वीज वाहते. मधल्या तारेला टेकलं की आवाज पडलाच. ब्लेडने ते पाच-सहा मिलिमीटर मागे सोला, मगच सोल्डरचा डाग द्या. आणि हो, डाग देण्याआधी जॅकचं झाकण केबलीत ओवा! लांबी 6 मीटरच्या आत बरी, पुढे ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीतला चमकदार आवाज, मरतो. एमजी रोडला जॅक घेताना 6.35 मिमी, मोनो असाच मागा.