बॉटने सांगितलं की कळतं, पेपरात येत नाही

मागच्या अंकात सहज विचारलं होतं की मोबाईलवरच्या चॅटबॉटकडून गणित शिकताय का, कसं चाललंय ते कळवा. तर पत्रं आणि मेल मिळून एवढे आलेत की माझ्या ३१ वर्षांच्या मास्तरकीत एवढ्या शंका वर्गात कुणी विचारल्या नसतील. जागा आहे तेवढ्यांना उत्तरं देतोय, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे, महाराष्ट्र बोर्ड, सेमी. रोज संध्याकाळी तासभर बॉटबरोबर गणित करतो, मग अॅपवर क्विझ देतो आणि २० पैकी १८, १९ पडतात. आम्ही खूश होतो. घटक चाचणीत २० पैकी ७. तो म्हणतो "आई, घरी सगळं येत होतं गं." खोटं बोलत नाहीये, मी स्वतः बघितलंय. मग होतंय काय? (एक आई, सांगली)

ताई, पोरगं खोटं बोलत नाहीये हे मला पण मान्य आहे. घरी येत होतं ते खरंच, फक्त घरी जे येत होतं ते आणि पेपरात जे लागतं ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक उदाहरण घेऊ. वर्गसमीकरण आहे, २ एक्स वर्ग वजा ७ एक्स अधिक ३ बरोबर ०. सूत्र पद्धतीने सोडवायचंय. इथे बी ची किंमत वजा ७, आणि सूत्राची सुरुवातच "वजा बी" ने होते, म्हणजे वजा वजा ७, म्हणजे अधिक ७. घाईत पोरं तिथे वजा ७ च ठेवतात आणि ३ आणि अर्धा यायच्या ऐवजी वजा ३ आणि वजा अर्धा येतं. दरवर्षी निम्मा वर्ग इथे घसरायचा, मी लाल पेनाने गोल करून करून थकलो. आता हेच गणित क्विझमधे आलं तर काय होतं? खाली चार पर्याय असतात, त्यात वजा ३ नसतंच, मग पोराला कळतं की काहीतरी गडबड झाली, तो चिन्ह बदलतो. किंवा त्याहून हुशार असेल तर सोडवतच नाही, ३ टाकून बघतो, १८ वजा २१ अधिक ३, शून्य आलं, टिक केलं, संपलं. अॅप म्हणतं शाब्बास. बोर्डाच्या पेपरात ४० पैकी पर्यायवाले मार्क फक्त ४ असतात, बाकी सगळीकडे पायऱ्या लिहायच्या आणि मार्क पण पायऱ्यांनाच.

दुसरी गंमत म्हणजे क्विझचं नाव. क्विझवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं "अंकगणिती श्रेढी", म्हणजे गणित वाचायच्या आधीच पोराला माहिती की सूत्र कुठलं वापरायचं. पेपरात मात्र कर्जाच्या हप्त्याचं शाब्दिक उदाहरण येतं आणि ही श्रेढी आहे हे त्याने स्वतः ओळखायचं असतं, निम्मं गणित तर तिथेच असतं. तर क्विझ द्यायची तर तीन चार धड्यांची मिसळ करून द्या, बॉटला सांगितलं की तो करून देतो. "वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी आणि संभाव्यता यातले १० प्रश्न मिसळून दे, पर्याय देऊ नकोस, धड्याचं नाव लिहू नकोस." मार्क धाडकन खाली येतील, तेव्हा घाबरू नका, ते खरे मार्क.

आणि आता मुख्य. तो बॉटला गणिताचा फोटो पाठवतो ना? आधी सोडवून पाठवतो की कोरा? माझा अंदाज, कोरा. मग समोर सुबक पायऱ्या येतात, तो वाचतो, मान डोलावतो, कळलं म्हणतो. कळतंच. दुसऱ्याने पोहलेलं बघून पण कळतंच की. टर्कीतल्या एका हायस्कूलात जवळजवळ हजार मुलांवर याचा अभ्यास झालाय, २०२४ मधे तो बाहेर आला. ज्या मुलांना साधा चॅटबॉट दिला त्यांचा सराव बॉट नसलेल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी चांगला झाला, पण नंतर बॉट काढून परीक्षा घेतली तर ज्यांनी बॉट कधी वापरलाच नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी मागे. तिसऱ्या गटाला असा बॉट दिला होता जो उत्तर न देता फक्त इशारे द्यायचा, त्यांचा सराव तर १२७ टक्क्यांनी सुधारला आणि परीक्षेतलं नुकसान जवळपास भरून निघालं. पण नीट वाचा हां, नुकसान भरून निघालं एवढंच, ती मुलं इतरांच्या पुढे गेली नाहीत.

म्हणून उद्यापासून एकच नियम. आधी वहीत सोडवायचं, अडलं तर अडलं तिथपर्यंत, चुकलं तर चुकलेलं, आणि त्या वहीच्या पानाचा फोटो पाठवायचा. सोबत हे टाईप करायचं : "उत्तर सांगू नकोस. माझी पहिली चुकलेली पायरी कुठली तेवढंच सांग, ती का चुकली ते मी सांगतो." पहिले चार दिवस चिडचिड करेल, तासाला १५ गणितं व्हायची तिथे ५ होतील. होऊ द्या.

प्रश्न : सर मी तलाठी भरतीची तयारी करतोय, क्लास परवडत नाही म्हणून बॉटच माझा क्लास. काल काम-काळ-वेगाचं एक गणित विचारलं, त्याने उत्तर दिलं, मी फक्त म्हटलं "नक्की का?" तर सॉरी म्हणून दुसरंच उत्तर दिलं, परत विचारलं तर परत पहिलं. असल्या मास्तरवर विश्वास कसा ठेवायचा? (बीड)

मित्रा, ठेवायचाच नाही! मास्तरवर पण ठेवायचा नसतो खरं तर, ताळा करायचा असतो.

हा बॉट मुळात हिशोबनीस नाही, तो पुढचा शब्द कुठला यावा याचा अंदाज बांधत बांधत वाक्य तयार करतो. भाषेत ते फर्स्टक्लास जमतं, आकड्यात कधी कधी दांडी उडते. २०२४ मधे तर "९.११ मोठा की ९.९" एवढ्या प्रश्नावर भल्याभल्या बॉटनी ९.११ मोठा म्हणून सांगितलं होतं, आमच्या पाचवीच्या पोरांसारखंच, ११ दिसले की मोठं. आता बरेच बॉट आकडेमोडीसाठी मागच्या मागे प्रोग्राम चालवून बघतात त्यामुळे खूप सुधारणा आहे, तरी पण. आणि "नक्की का?" वर पलटी मारण्याचं कारण म्हणजे त्याला घडवतानाच माणसांना आवडेल अशा उत्तरांकडे वळवलेलं असतं, तुझ्या आवाजात शंका दिसली की तो हो ला हो करतो. मी मुद्दाम बरोबर उत्तराला चूक म्हणून बघितलंय, बिचाऱ्याने माफी मागितली.

तर ताळा. समज एक माणूस काम १२ दिवसांत करतो, दुसरा १८ दिवसांत, दोघं मिळून किती दिवसांत? बॉट म्हणाला ७ पूर्णांक एक पंचमांश, म्हणजे ७.२ दिवस. "नक्की का" विचारू नको, उत्तर परत गणितात घाल. ७.२ दिवसांत पहिल्याने १२ पैकी ७.२, म्हणजे कामाचा ०.६ भाग केला, दुसऱ्याने १८ पैकी ७.२, म्हणजे ०.४ भाग. बेरीज १. काम पूर्ण. विषय संपला, आता बॉट कितीही सॉरी म्हणो. आणि ताळा करायच्या पण आधी एक नजर टाकायची, एकटा माणूस १२ दिवसांत करतो तर दोघांना १५ कसे लागतील? असं उत्तर आलं तर वहीतही उतरवायचं नाही.

प्रश्न : मी नववीत आहे, मराठी माध्यम. बॉट मराठीत बोलतो पण मधेच "समकोण त्रिभुज", "भिन्न", "परिमाप" असं काहीतरी म्हणतो, पुस्तकात असं नाहीये. मग इंग्रजीतच विचारू का? (लातूर जिल्हा)

अगं इंग्रजीत कशाला, तो हिंदी मिसळतोय एवढंच. त्याने मराठीपेक्षा हिंदी आणि इंग्रजी कितीतरी जास्त वाचलंय. समकोण त्रिभुज म्हणजे आपला काटकोन त्रिकोण, भिन्न म्हणजे अपूर्णांक, परिमाप म्हणजे परिमिती. लघुत्तम समापवर्त्य म्हणाला तर दचकू नको, तो आपला लसावि. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमधे फुकट मिळतात, त्या धड्याच्या पानाचा फोटो आधी टाक आणि सांग की याच पानावरचे शब्द वापर, बराच सुधारतो. तरी एका ठिकाणी सांभाळ, त्रिकोणांची एकरूपता. तो एसएएस म्हणेल, तू पेपरात बाकोबा लिहायचं, बाजू-कोन-बाजू. कोबाको, बाबाबा, कर्णभुजा, हे आपले शब्द इतके गोड आहेत की ते सोडून एसएएस कोण लिहील.

भूमितीच्या आकृतीचा फोटो मात्र जपून, कुठला कोन कुठे आहे यात तो गोंधळ घालतो. आकृती शब्दात सांगायची. पक्ष काय, साध्य काय, एवढं तू स्वतः टाईप केलंस ना की बऱ्याचदा सिद्धता तिथेच सुचते आणि बॉटला विचारायची वेळच येत नाही. माझ्या वर्गात पण असंच व्हायचं, पोरगी शंका विचारायला उठायची, अर्ध्या वाक्यात "कळलं सर" म्हणून बसायची.

प्रश्न : आम्हाला पावकी, निमकी, सवायकी, दीडकी, अडीचकी सगळं तोंडपाठ होतं. नात अमेरिकेत सहावीत, ती अपूर्णांकाचा भागाकार सुद्धा बॉटला विचारते. मी पाढे म्हणायला लावले तर सूनबाई म्हणतात "बाबा, आता त्याची गरज नाही." आहे की नाही? (वय ७४, पुणे)

काका, सूनबाईंशी भांडण लावायचं नाहीये मला, पण आहे. एका वेळी डोक्यात फार थोड्या गोष्टी राहतात, त्यातली जागा सात आठे किती यातच गेली तर मूळ गणितासाठी काय उरणार.

फक्त पाठ करायला लावू नका, तुमच्याकडे त्याहून भारी गोष्ट आहे. नातीला भागाकारात "दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा" एवढंच शिकवलेलं असणार, का उलटा करायचा ते बऱ्याच जणांना शेवटपर्यंत कळत नाही. व्हिडिओ कॉलवर तिला विचारा, दीड पोळी आहे, त्यात पाव पोळीचे तुकडे किती? ती मोजून सहा म्हणेल. मग सांगा, दीड भागिले पाव बरोबर सहा, झाला की भागाकार. मग अडीच त्रिक साडेसात म्हणा आणि विचारा, साडेसात लिटर दूध आहे, अडीच लिटरची किटली किती वेळा भरेल. हे झालं की मग तिला बॉटकडे जाऊ द्या आणि सांगा, उलटं का करायचं ते पोळीच्या भाषेत समजावून मागव. कोण जास्त चांगलं समजावतं याची पैज लावा. माझे पैसे तुमच्यावर.

प्रश्न : एका कंपनीचा माणूस घरी येऊन गेला, एआय ट्यूटरचं वर्षाचं पॅकेज, हप्त्याने. मुलगी सहावीत. घ्यावं का? (ठाणे)

सही केली नसेल तर थांबा. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडवर सरकारच्या दीक्षा अॅपमधलं साहित्य फुकट आहे, खान अकॅडमीचे व्हिडिओ आणि सराव पण फुकट. त्या खान अकॅडमीची सुरुवातच मुळी सलमान खान (तो नव्हे!) यांनी २००४ मधे आपल्या नादिया नावाच्या नात्यातल्या बहिणीला फोनवर शिकवण्यापासून झाली, ती एककांच्या रूपांतरात अडकली होती. आधी फुकटातलं तीन महिने रोज वापरून बघा. ती रोज बसली तर पॅकेज कशाला लागेल, आणि बसली नाही तर पॅकेज घेऊन तरी बसणार आहे का. आणि हो, साधे चॅटबॉट सहावीच्या मुलीच्या नावाने चालू करू नका, बऱ्याच ठिकाणी किमान वय १३ आहे. तुमच्या मोबाईलवर, तुम्ही शेजारी बसून, भाजी निवडत निवडत चालेल.