हॅलिफॅक्सला येण्यापूर्वी कोणत्या ब्रिटिश मालिका पाहाव्यात?

तुम्ही लिहिले आहे की, दोन महिन्यांनी कोल्हापूर सोडून इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू व्हायचे आहे. इंग्रजीच्या परीक्षेत गुण उत्तम मिळाले, पण ऑनलाइन मुलाखतीत पॅनेलवरच्या एका बाईंचे बोलणे निम्मेअधिक डोक्यावरून गेले. तेव्हा इकडचे बोलणे कानात बसावे म्हणून कोणत्या ब्रिटिश मालिका पाहाव्यात, असा तुमचा प्रश्न आहे. मी मूळची मिरजेची. गेली पंधरा वर्षे वेस्ट यॉर्कशरमधल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते आणि पहिल्या वर्षी माझीही गत तुमच्यासारखीच झाली होती.

आपण शाळेत ज्याला ब्रिटिश इंग्रजी म्हणून शिकतो ते या भागात फार थोडे लोक बोलतात. त्यामुळे राजघराण्याच्या आणि मोठमोठ्या हवेल्यांतल्या सरदारांच्या मालिका सध्या बाजूला ठेवाव्यात. ‘द क्राउन’ आणि ‘डाउनटन ॲबी’ मीही आवडीने पाहिल्या आहेत, पण बस थांब्यावर शेजारी उभ्या असलेल्या आजींशी बोलताना त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही.

तुमचे नशीब असे की, ज्या गावी तुम्ही येत आहात त्या गावाच्या आणि आसपासच्या खोऱ्याच्या गोष्टी सॅली वेनराइट या लेखिकेने टीव्हीवर आणून ठेवल्या आहेत. त्यांचे बालपण हॅलिफॅक्सला लागूनच असलेल्या सॉवर्बी ब्रिजमध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या पात्रांच्या तोंडची भाषा बाहेरून येऊन टिपलेली वाटत नाही. सुरुवात ‘लास्ट टँगो इन हॅलिफॅक्स’ या मालिकेपासून करावी. २०१२ साली बीबीसी वनवर सुरू झालेल्या या मालिकेत सत्तरी ओलांडलेले ॲलन आणि सीलिया हे दोघे, शाळेच्या वयात एकमेकांवर जीव असूनही चुकामूक झालेले, फेसबुकमुळे पुन्हा भेटतात आणि लग्न करायचे ठरवतात. डेरेक जॅकोबी आणि ॲन रीड यांचे काम पाहण्यासारखे आहेच, पण तुमच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत त्या दोघांच्या मुली. ॲलनची मुलगी गिलियन हॅलिफॅक्सजवळच्या शेतावर मेंढ्या पाळते. सीलियाची मुलगी कॅरोलाइन हॅरोगेटसारख्या सुखवस्तू गावात एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. दोन्ही गावे यॉर्कशरचीच, पण एकीचे बोलणे तुम्हाला पहिल्याच भागात कळेल आणि दुसरीचे कळायला तिसरा-चौथा भाग उजाडेल. ज्या दिवशी गिलियनचे बोलणे उपशीर्षकांकडे न बघता कळेल, त्या दिवशी मुलाखतीतल्या बाईंची धास्ती उरणार नाही.

कानाला आधीच तयार ठेवण्यासाठी तीन गोष्टी सांगून ठेवते. ‘नथिंग’ऐवजी येथे ‘नाउट’ म्हणतात आणि ‘समथिंग’ऐवजी ‘समट’. ‘द’ हा शब्द बहुतेक वेळा गिळला जातो. त्याच्या जागी ‘ट्’ असा नुसता एक ठसका ऐकू येतो, तोही लक्ष दिले तर. आणि ‘आय वॉज’ऐवजी ‘आय वेअर’ असे सर्रास बोलले जाते, ज्यासाठी आपल्या शाळेतल्या बाईंनी छडीच उगारली असती.

चौथी गोष्ट मी स्वतः फजिती करून घेऊन शिकले. माझ्या पहिल्या हिवाळ्यात प्रयोगशाळेतल्या एका वयस्कर सहकारी बाईंनी मला शनिवारी साडेपाच वाजता ‘टी’साठी घरी बोलावले. चहाचेच आमंत्रण आहे असे समजून मी घरून वरणभात आणि बटाट्याची भाजी पोटभर जेवून निघाले आणि बरोबर चिवड्याचा डबा घेतला. दार उघडताच भाजलेल्या चीजचा वास आला. टेबलावर ताटाएवढा, चीज-कांद्याचे सारण भरलेला ‘पाय’ होता, शेजारी कुस्करलेले बटाटे, वाटाणे आणि गोडाला सफरचंदाचे क्रम्बल. मी मांस खात नाही हे ध्यानात ठेवून त्यांनी तो मुद्दाम माझ्यासाठी केला होता, त्यामुळे नाही म्हणण्याची सोयच नव्हती. इकडच्या सामान्य घरांत दुपारच्या जेवणाला ‘डिनर’ आणि संध्याकाळच्या जेवणाला ‘टी’ म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले. तुम्हाला ते ‘कॉरोनेशन स्ट्रीट’चे चार भाग पाहूनही कळेल. मँचेस्टरच्या बाजूच्या एका काल्पनिक वस्तीतली ही मालिका ९ डिसेंबर १९६० पासून चालू आहे आणि केन बार्लो हे पात्र पहिल्या भागापासून विल्यम रोच हेच करत आले आहेत. सगळे कथानक समजून घेण्याच्या भानगडीत पडू नये. आपल्याकडच्या दैनंदिन मालिकांप्रमाणेच मधले सहा महिने वगळले तरी फारसे बिघडत नाही. रोव्हर्स रिटर्न नावाच्या पबमध्ये लोक येता-जाता काय बोलतात, तेवढेच ऐकावे.

त्याच पबच्या दाराशी ‘यू ऑलराइट, लव्ह?’ हे वाक्य ऐकू येईल. पहिल्या आठवड्यात मला ते विचारणाऱ्या बस चालकाला मी खोलीतला हीटर कसा चालत नाही हे सविस्तर सांगितले होते आणि मागे रांग ताटकळत उभी होती. कोल्हापुरात कोणी ‘जेवलासा काय?’ असे विचारले तर आपण ताटात काय होते ते सांगत बसत नाही. हेही तसेच आहे. ‘ऑलराइट’ एवढेच उलट म्हणावे आणि पुढे सरकावे. ‘लव्ह’ म्हणण्यात वावगे काही नसते, ते आपल्याकडच्या ‘ताई’, ‘मावशी’च्या जागी वापरले जाते.

वेनराइट यांची दुसरी मालिका ‘हॅपी व्हॅली’ ही माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांतली सर्वांत चांगली ब्रिटिश मालिका आहे. कॅल्डर नदीच्या याच खोऱ्यात पोलिस सार्जंट असलेल्या कॅथरीन केवुड या बाईची ही गोष्ट २०१४, २०१६ आणि २०२३ अशा तीन टप्प्यांत, प्रत्येकी सहा भागांत पूर्ण होते. सेरा लँकशर यांनी उभी केलेली कॅथरीन एकाच श्वासात दरडावते, विनोद करते आणि चहा विचारते, आणि ते सगळे एकाच सपाट सुरात. हा सपाट सूर ओळखू येणे फार गरजेचे आहे, कारण येथे राग आणि माया दोन्ही आवाज न चढवता व्यक्त होतात. मात्र मालिकेत हिंसा बरीच आहे आणि अमली पदार्थांनी पोखरलेल्या वस्त्याही दिसतात. नावातला ‘हॅपी’ उपरोधाचाच आहे. तुम्ही ती पाहा, पण तुम्ही विमानात बसेपर्यंत आईंना दाखवू नका. आईंसाठी चॅनल फाइव्हवर २०२० साली नव्याने सुरू झालेली ‘ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल’ लावून द्यावी. १९३० च्या दशकाच्या अखेरीस यॉर्कशर डेल्समध्ये आलेल्या एका तरुण पशुवैद्याची ती गोष्ट आहे. गाई, हिरव्या टेकड्या आणि दगडी भिंती पाहून लेक चांगल्या ठिकाणी चालली आहे याची त्यांना खात्री पटेल. चित्रीकरण झालेले ग्रासिंग्टन हे गाव पाहायला पुढे त्यांना घेऊनही जाता येईल.

वेनराइट यांची तिसरी मालिका ‘जंटलमन जॅक’ भाषेसाठी नाही, गावासाठी पाहावी. ती जिच्यावर आहे त्या ॲन लिस्टर (१७९१ ते १८४०) या जमीनदार बाईने सुमारे पन्नास लाख शब्दांची रोजनिशी लिहिली, त्यातला स्त्रियांवरच्या प्रेमाचा भाग सांकेतिक लिपीत. ती ज्या शिब्डेन हॉलमध्ये राहिली तो वाडा हॅलिफॅक्समध्येच आहे, चित्रीकरणही तेथे झाले आहे आणि लोकांना तो पाहता येतो.

आता तुमच्या कामाविषयी. ‘ट्वेंटी-फोर अवर्स इन ए अँड ई’ हा चॅनल फोरचा कार्यक्रम २०११ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातून सुरू झाला. तातडीच्या विभागात जागोजागी बसवलेल्या कॅमेऱ्यांतून खरे रुग्ण आणि खरे डॉक्टर त्यात दिसतात. तपासण्यापूर्वी कर्मचारी स्वतःचे नाव कसे सांगतात, हात लावण्यापूर्वी कशी विचारणा करतात, नातेवाइकांना बाहेर थांबायला किती मऊ शब्दांत सांगतात, हे सगळे पाहून ठेवावे. पण खरी गंमत रुग्णांच्या उत्तरांत आहे. तुम्ही दिवसातून वीस वेळा विचारणार की, दहापैकी किती दुखते. ऐंशीचे शेतकरी आजोबा, खुब्याचे हाड मोडलेले, दातांवर दात रोवून ‘नॉट सो बॅड’ म्हणतील किंवा ‘मस्टन्ट ग्रंबल’, म्हणजे कुरकुर कशाला करायची. ते तीन नव्हेत, ते आठ समजावेत. माझ्या फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने आकडा विचारण्याबरोबर ‘रात्री झोप लागली का?’ हा प्रश्नही जोडला आहे, कारण झोपेच्या बाबतीत ही माणसे खरे बोलतात.

वरिष्ठांचे ई-मेल वाचण्यासाठी मात्र जुन्या ‘येस मिनिस्टर’ला पर्याय नाही. १९८० ते १९८४ ही मालिका आणि १९८६ ते १९८८ ‘येस प्राइम मिनिस्टर’, मिळून ३८ भाग होतात. ‘जी मंत्रीजी’ या नावाने फारूख शेख यांना घेऊन तिची हिंदी आवृत्ती निघाली होती, ती कदाचित तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी पाहिली असेल. मूळ मालिकेत मंत्र्याचा निर्णय ‘वादग्रस्त’ आहे असे सचिव सर हम्फ्री म्हणाले, तर त्याने मते जातात. ‘धाडसी’ आहे म्हणाले, तर निवडणूकच हातची जाते. विनोद म्हणून लिहिलेले हे कोष्टक आमच्या विभागात आजही चालते. तुमच्या सूचनेला कोणी ‘इंटरेस्टिंग’ म्हणाले तर ती मान्य झाली असे समजून कामाला लागू नका. मी एकदा लागले होते.

‘माइंड युअर लँग्वेज’ची शिफारस तुम्हाला अनेक जण करतील. परदेशी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीच्या वर्गावरची १९७७ सालची ही मालिका आपल्याकडे फार लाडकी आहे आणि ‘जबान संभाल के’ तिच्यावरूनच बेतली होती. मला ती आता बघवत नाही. प्रत्येक देशाचा एक ठरलेला विदूषक करून त्याच्या उच्चारांवर हसवणे एवढेच तिचे भांडवल आहे, आणि ती पाहून आलेला माणूस आपल्या उच्चारांची लाज घेऊनच उतरतो. त्यापेक्षा ‘गुडनेस ग्रेशस मी’ पाहावी. १९९८ पासून संजीव भास्कर, मीरा स्याल, नीना वाडिया आणि कुलविंदर घीर या ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या मंडळींनी आरसा उलटा फिरवला. मुंबईतल्या काही भारतीयांनी ‘इंग्लिश’ खायला जाऊन सर्वांत बेचव पदार्थ मागवण्याचा त्यातला प्रवेश पाहिल्यावर, शुक्रवारी रात्री करी खायला निघालेल्या इंग्रज टोळक्यांकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल.

जेवणाच्या सुटीतल्या गप्पांसाठी शरद ऋतूत ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ पाहत राहावे. २०१० साली बीबीसीवर सुरू झालेली ही केक-पावांची स्पर्धा २०१७ पासून चॅनल फोरवर असते. मंगळवारी रात्री कोण बाहेर पडले यावर बुधवारी सगळ्यांचे एकमत किंवा भांडण होते, आणि त्यात एक वाक्य जरी तुम्ही टाकले तरी खुर्ची आपोआप जवळ ओढली जाते. २०१८ साली कोलकात्याहून आलेले संशोधक राहुल मंडल जिंकले, तर २०२१ च्या अंतिम फेरीत गोमंतकीय वंशाची क्रिस्टेल परेरा होती. आणखी एक गोष्ट या कार्यक्रमात कळणार नाही, म्हणून येथे सांगते. वाढदिवस तुमचा असला तरी केक तुम्हीच आणायचा असतो.

आता पैशांचे. बीबीसीचे आयप्लेअर हे ॲप वापरायचे असेल किंवा कोणत्याही वाहिनीवरचा कार्यक्रम प्रसारणाच्या वेळीच पाहायचा असेल, मग तो लॅपटॉपवर का असेना, तर टीव्ही परवाना घ्यावा लागतो. त्याची फी एप्रिल २०२५ मध्ये वर्षाला १७४.५० पौंड झाली होती, सध्या किती आहे ते पाहून घ्यावे. ती हप्त्यांनीही भरता येते. विनापरवाना पाहिल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसते नेटफ्लिक्स, किंवा आयटीव्ही आणि चॅनल फोरचे जुने भाग त्यांच्या ॲपवर सवडीने पाहणार असाल तर परवाना लागत नाही. घराचा भाडेकरार सगळ्यांचा मिळून एकच असेल तर एक परवाना पुरतो. तुमच्या खोलीचा करार वेगळा असेल तर वेगळा घ्यावा लागतो. नव्या घरी परवान्याविषयी कडक भाषेतले पत्र येईल, कोणाचेही नाव नसलेले. घाबरून लगेच पैसे भरू नका. आपण काय पाहतो ते आधी ठरवा आणि गरज नसल्यास तसे कळवून टाका.

आयप्लेअर भारतातून चालत नाही, त्यामुळे ‘लास्ट टँगो’ किंवा ‘हॅपी व्हॅली’ तिकडच्या एखाद्या ॲपवर मिळते का ते पाहा. नाहीच मिळाली तर यूट्यूबवरच्या वाहिन्यांच्या अधिकृत तुकड्यांवर सध्या भागवा. उपशीर्षके इंग्रजीच ठेवावीत. एक प्रसंग आधी त्यांच्यासह पाहावा आणि मग तोच प्रसंग मोबाइल उलटा ठेवून नुसता ऐकावा. रोज वीस मिनिटे पुरेत, आणि त्यातली निम्मी गिलियनला द्यावीत.