पाटी डोक्यावर, दुखणं दोन ठिकाणी

प्रश्न : मी हर्णै बंदराजवळ राहते. वय 47, तीन बाळंतपणं. लिलावात मासळी घ्यायची आणि पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव विकायची, हा माझा धंदा. वर्षभर उजव्या खवाट्याच्या आतल्या कडेला दुखतंय. चोळून, शेकून झालं. दुसरं सांगायची लाज वाटते. पाटी उचलताना, शिंकताना लघवीचे थेंब जातात. एका डॉक्टरांना विचारलं, तर "या वयात व्हायचंच" म्हणाले. आता विकायला निघताना मी पाणीच पीत नाही. दोन दुखण्यांना दोन डॉक्टर करू का? (लेकीकडून लिहून घेतलंय.)

उत्तर : ताई, आधी लाजेचं बोलू. माझी आत्या देवळातल्या भजनाला जायची बंद झाली. विचारलं की गुडघे दुखतात म्हणायची. मागीलदारी वाळत घातलेल्या जुन्या लुगड्याच्या घड्या मी रोज पाहायचे, पण फिजिओथेरपी शिकायला गेल्यावर त्यांचा अर्थ कळला. तुम्ही लेकीला सांगून लिहून घेतलंत, ते आत्याला कधी जमलं नाही. बऱ्याच बायकांना होतं हे खरं, पण म्हणून सोसत बसायचं कारण नाही.

आता खवाटा. हे हाड बरगड्यांना कुठेच सांध्याने जोडलेलं नाही. धडाशी हाडाचा दुवा म्हणाल तर फक्त गळ्याजवळची हासळी, बाकी सगळा भार स्नायूंवर. बंदरात दोरांवर उभी केलेली होडी असते ना, तसं. अशा 17 स्नायूंचे दोर त्याला लागलेले आहेत. हात कानाला लागेपर्यंत वर न्यायचा, तर त्या फेरीतला साधारण तिसरा हिस्सा खवाटा फिरून भरून काढतो. तुमचा उजवा हात पाटी धरायला तासन्‌तास वरच. मानेकडचे दोर आखडतात आणि बगलेखालून बरगड्यांवर पसरलेला सेरेटस अँटेरियर दमतो. तो ढिला पडला की खवाट्याची आतली कड बाहेर डोकावते आणि तिथले स्नायू ताणले जातात. त्या जागी चोळलं की घटकाभर बरं वाटतं, पण दमलेला स्नायू दमलेलाच राहतो.

त्यासाठी भिंतीसमोर उभं राहून तळवे छातीच्या उंचीवर टेकवा. कोपरं न वाकवता भिंत दूर ढकला, खवाटे एकमेकांपासून लांब जाऊ द्या, मग सावकाश सैल सोडा. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. त्या वेळी लेकीला पाठ बघायला सांगा. उजवी कड पंखासारखी उठत असेल तर तपासून घ्यायला हवं.

दुसरं दुखणं ओटीपोटाच्या तळाचं. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांना खालून तिचाच आधार. बाळंतपणात ती ताणली जाते. श्वास घेतला की ती थोडी खाली उतरते, सोडला की वर येते. तुम्ही पाटी उचलताना दम कोंडत असणार, दातओठ खाऊन. कोंडलेला दम झोळीवर दाबतो आणि खांदेही कानाशी चढवतो. दुखणी दोन वेगळी आहेत, पण या एका सवयीत दोघांचं फावतं. म्हणून पाटी उचलताना फुंकर घालत उचला, आणि उचलण्याच्या क्षणाआधी झोळी आवळा.

आवळायची कशी? चारचौघांत वात सुटू नये म्हणून धरतो तशी, आणि लघवीची वाटही त्याबरोबर वर ओढायची. मांड्या, कुल्ले घट्ट करायचे नाहीत, श्वास चालू ठेवायचा. एका वेळी आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. हाच तो केगेलचा व्यायाम. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नॉल्ड केगेल यांनी तो 1948 साली मांडला. लघवी मधेच अडवून सराव मात्र करू नका. आणि आवळताना दुखत असेल किंवा लघवी सुरूच व्हायला वेळ लागत असेल, तर स्नायू ढिले नसून आखडलेले असू शकतात. तिथे हा व्यायाम उलटतो.

पाणी बंद करू नका! बाजारात बाईला जायला जागा नसते, हे मला ठाऊक आहे आणि त्याचा रागही येतो. पण दाट लघवी मूत्राशयाला बोचते, वरून बद्धकोष्ठ होतं, मग कुंथण्याने झोळी आणखी खाली. घोट घोट पीत राहा.

डॉक्टर म्हणाल तर एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून लघवी तपासा, अंग खाली उतरलंय का तेही पाहून घ्या, मग फिजिओथेरपिस्ट. तेलकट खाल्ल्यावर उजव्या खवाट्यात कळ येत असेल तर ते पित्ताशयाचंही असू शकतं, तेही सांगा. छाती दाटून दम लागला, किंवा लघवीचा ताबा एकाएकी जाऊन जांघेत बधिरपणा आला, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा.

चुंबळ जाड घ्या, धरायचा हात बदलत जा. पाटी चढवायला शेजारीण नसेल तर ती आधी कट्ट्यावर ठेवा, जमिनीवरून थेट डोक्यावर नको.